‘किस्मत’चा धनी कोण ?

जी वस्तु फार जुनी झाली ती धन्यावांचूनची झाली, अशी एक समजूत आपल्या समाजांत रूढ आहे. पडक्या वाड्यांतील तुळई, माळ्यावरची पोथी, देवळामागची विहीर यांविषयीं आपण सहज म्हणून जातों, कीं आतां यांना विचारणारा कोण उरला आहे ! उलटपक्षीं, पुस्तकावरील ‘सर्व हक्क स्वाधीन’ हे तीन शब्द वाचून, तें पुस्तक शंभर वर्षांचें असलें तरी त्यांतील एक पान उतरून घेण्यास भिणारी पापभीरु मंडळीही आपल्यांत आहेत. या दोन्ही समजुती सारख्याच निराधार होत. आणि त्यांचा निराधारपणा जुन्या बोलपटांच्या बाबतींत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

पनवेलच्या खांदा कॉलनींत, सिडकोनें वसविलेल्या आमच्या या वसाहतींत, कांहीं निवृत्त मंडळी आठवड्यांतून एकदां एकत्र जमतात. त्या मेळाव्यांत एकदां अशी सूचना निघाली, कीं बाँबे टॉकीजचा ‘किस्मत’ हा जुना बोलपट सर्वांना सहकुटुंब पाहण्यास मिळावा. सूचना निघतांच मंडळींत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, “चित्रपट ऐंशी वर्षांपूर्वींचा, काढणारी कंपनी बुडालेली, काम करणारे सारे निवर्तले. आतां परवानगी मागावयाची ती कोणाजवळ ?” दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, “चोरी ती चोरीच. वस्तु जुनी झाली म्हणून ती परकी असल्याचें सुटत नाहीं.” माझें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलेलें, तेव्हां पूर्वपक्ष व उत्तरपक्ष मांडून निर्णय करण्याचें काम मंडळींनीं मजकडे सोंपविलें. मी वकील नव्हें. परंतु कायदा म्हणजेही एक शास्त्रच, आणि शास्त्र म्हटलें कीं त्याचें वाक्य नीट वाचल्यास अर्थ लागतो, या भरंवशावर मीं तें पत्करलें.

प्रथम चित्रपटाविषयीं दोन शब्द. ‘किस्मत’ १९४३ सालचा. दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी, नायक अशोककुमार, नायिका मुमताज शांति. नायक शेखर हा सरळसरळ चोर, पाकीटमार. आणि तरीही प्रेक्षकांचें सारें प्रेम त्याच्याकडे. सज्जन नायकास सरावलेल्या त्या काळच्या प्रेक्षकांस हा प्रकार नवा होता. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहांत हा बोलपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. गुन्हेगाराची कथा सांगणाऱ्या आपल्याकडील बोलपटांची परंपरा पाहूं गेल्यास मुळापाशीं हाच भेटतो. आणि हा निपजला तो आपल्याच मुंबापुरीच्या मालाड गांवीं, हिमांशु राय व देविकाराणी यांनीं १९३४ सालीं उभारलेल्या संस्थेंत.

आतां कायद्याकडे वळूं. आज लागू असलेला स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला. चित्रपटाच्या हक्काची मुदत त्यांत प्रथम पन्नास वर्षें होती. पुढें ती साठ झाली. ही दहा वर्षांची वाढ कां झाली हें वाचकांस मनोरंजक वाटेल. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ च्या ऑगस्टमध्यें निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील पन्नास वर्षांचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपावयाचा होता. तो संपण्यास अवघे तीन-चार दिवस उरले असतां, २८ डिसेंबर १९९१ पासून, मुदत साठ वर्षांची करण्यांत आली, आणि रवींद्रांच्या पाठोपाठ इतर लेखकांचे व चित्रपटांचे हक्कही दहा वर्षांनीं लांबले.

मोजण्याची रीत मात्र ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या दिवशीं चित्रपट झळकला त्या दिवसापासून मोजावयाचें नाहीं. त्या वर्षानंतरच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मोजावयाचें. ‘किस्मत’ १९४३ चा. म्हणून मोजणीचा आरंभ १ जानेवारी १९४४ आणि शेवट ३१ डिसेंबर २००३. तेव्हां २००४ सालच्या पहिल्या सूर्योदयाबरोबर ‘किस्मत’ हा चित्रपट म्हणून हिंदुस्थानांत सर्वांचा झाला. याच रीतीनें १९५६ चा ‘सी. आय. डी.’ २०१६ अखेर मोकळा झाला. आणि १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’वरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ही येते. हें गणित घरांतील शाळकरी मुलासही करतां येईल.

यावर एखादा चिकित्सक शंका काढील, कीं १९४३ सालीं १९५७ चा कायदा होता कोठें ? शंका योग्य आहे. त्या काळीं येथें १९१४ चा कायदा चाले, आणि त्याच्या पोटांत विलायतेचा १९११ चा कायदा होता. त्यांत चित्रपट ही स्वतंत्र जातच नव्हती. कथेची गुंफण स्वतंत्र असेल तर चित्रपटास नाटकाच्या पंक्तीस बसवीत, आणि नाटकाचा हक्क कर्त्याच्या मृत्यूपासून मोजीत. क्षणभर धरून चालूं, कीं कोणी तोच हट्ट धरला व दिग्दर्शकासच कर्ता मानलें. ज्ञान मुखर्जी १९५६ सालीं वारले. गुरुदत्तांनीं आपला ‘प्यासा’ त्यांच्याच स्मृतीस अर्पण केला आहे. त्यांच्या मृत्यूपासून साठ वर्षें मोजलीं तरी २०१६ ची अखेर येते, आणि तीही केव्हांच उलटून गेली. म्हणजे या वाटेनें गेलें तरी मुक्काम तोच.

येथवर ऐकून पहिल्या पक्षाची मंडळी हर्षित झाली. परंतु शास्त्रार्थ येथें संपत नाहीं. किंबहुना खरा शास्त्रार्थ येथूनच सुरू होतो.

चित्रपट ही एक वस्तु नसून तें एक एकत्र कुटुंब आहे. बाहेरून पाहणाऱ्यास एक घर, एक चूल, एक कर्ता दिसतो. परंतु आंत ज्याचें त्याचें कांहीं निराळें असतें. सुनेचें स्त्रीधन घरांत असलें तरी घराचें नसतें. चित्रपटांत निर्माता हा कर्ता. त्याच्या नांवावर चालणारा हक्क तो चालत्या चित्रांचा व त्यांच्याशीं जोडलेल्या ध्वनीचा. पण गीताचे शब्द ही कवीची कृति, चाल ही संगीतकाराची कृति, कथा-संवाद ही लेखकाची कृति. आणि यांपैकीं प्रत्येकीची मुदत निराळी मोजली जाते. तीही चित्रपटाच्या वर्षापासून नव्हे, तर त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर येणाऱ्या वर्षापासून, साठ वर्षें.

आतां पाहा काय होतें तें. ‘किस्मत’ची गीतें कवि प्रदीप यांचीं. प्रदीप डिसेंबर १९९८ मध्यें वारले. तेव्हां त्यांच्या शब्दांवरील हक्क २०५८ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. संगीत अनिल विश्वासांचें. ते मे २००३ मध्यें गेले. त्यांच्या चालींवरील हक्क २०६३ अखेरपर्यंत चालेल. ज्या वर्षीं संगीतकार निवर्तला त्याच वर्षाच्या अखेरीस चित्रपट मोकळा झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या संगीताची साठ वर्षें मोजण्यास प्रारंभ झाला ! त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेची, म्हणजे तबकडीची, मुदतही प्रकाशनापासून साठ वर्षांची, म्हणून तीही सरली. तबकडी मोकळी, चित्र मोकळें. परंतु त्यांत भरलेले शब्द व सूर अद्याप बांधलेले. घर पडलें तरी स्त्रीधनाची पेटी सुनेची ती सुनेचीच.

कोणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. ऐंशी वर्षांपूर्वींच्या चार ओळींसाठीं एवढा खटाटोप कशाला? त्यास उत्तर प्रदीपांच्याच चरित्रांत आहे. चीनच्या युद्धांत पडलेल्या जवानांसाठीं त्यांनीं लिहिलेलें व १९६३ च्या जानेवारींत दिल्लीस लताबाईंनीं गायिलेलें गीत सर्वांस ठाऊक आहे. त्या गीताचें मानधन कवीनें युद्धांत पति गमावलेल्या स्त्रियांच्या निधीस देऊन टाकलें होतें. पुढें त्या पैशासाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि २००५ च्या ऑगस्टमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें संबंधित ध्वनिमुद्रिका-कंपनीस दहा लक्ष रुपये त्या निधीस भरण्यास फर्माविलें. कवीच्या शब्दांचा हक्क ही केवळ कागदावरची रेघ नव्हे. तिच्या दुसऱ्या टोंकास कोणाची तरी चूल असूं शकते, हें यावरून ध्यानांत यावें.

येथें आणखी एक भेद करणें अवश्य आहे. ‘धनी कोण’ हा एक प्रश्न आणि ‘मुदत किती’ हा दुसरा. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं निर्मात्यानें मोबदला देऊन चित्रपटासाठीं गीत-संगीत करवून घेतलें आणि उलट करार नसला, तर त्याचा पहिला धनी निर्माताच. कवींस व संगीतकारांस हें फार लागलें. आणि २०१२ च्या दुरुस्तीनें, चित्रगृहांतील खेळाखेरीज अन्यत्र होणाऱ्या उपयोगांतील मानधनाचा समान वांटा त्यांजकडून कोणास लिहून घेतां येऊं नये, अशी तजवीज झाली. परंतु धनी कवि असो कीं कंपनी असो, गीताची मुदत कवीच्या आयुष्यावरूनच मोजावयाची. शेत कोणाच्या नांवावर आहे यावरून पाऊस किती पडला हें ठरत नाहीं, तसेंच हें.

मग बाँबे टॉकीजचें काय झालें ? हिमांशु राय १९४० सालीं वारले. ‘किस्मत’च्याच सुमारास शशधर मुखर्जी, अशोककुमार प्रभृति मंडळी फुटून गोरेगांवीं फिल्मिस्तानांत गेली, आणि पुढें दहा-बारा वर्षांत मूळ संस्था बंद पडली. एकत्र कुटुंब विभक्त झालें म्हणजे भांडीकुंडी कोठें गेलीं याचा शोध लावणें जसें कठीण, तसेंच अशा संस्थेच्या हक्कांचें. ‘किस्मत’पुरता तो शोध आतां करावयास नको, कारण चित्रपटाचा हक्कच सरला. परंतु जेथें मुदत शिल्लक आहे व धनी मात्र मृत, अज्ञात किंवा न सांपडणारा आहे, तेथें कायद्यानें एक वाट ठेविली आहे. रीतसर शोध करून, वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन, न्यायासनापुढें अर्ज करावा. तें ठरवील तें शुल्क भरावें व अनुज्ञा घ्यावी. धनी सांपडत नाहीं म्हणून वस्तु उचलून न्यावी असें कायदा म्हणत नाहीं, आणि धनी सांपडत नाहीं म्हणून ती कुजूं द्यावी असेंही म्हणत नाहीं. दोन्ही टोंकें त्यानें टाळिलीं आहेत.

काळाचा प्रश्न झाला, आतां देशाचा. आमच्या मेळाव्यांतील एका गृहस्थांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. त्यांनीं दूरध्वनीवरून विचारलें, “बाबा, तुमच्याकडे मोकळा झाला ना ? मग तोच आम्ही इकडच्या मराठी मंडळींस दाखवूं.” येथें सावध होणें भाग आहे. अमेरिकेचा नियम असा, कीं जी परदेशी कृति १ जानेवारी १९९६ रोजीं आपल्या मायदेशीं हक्काखालीं होती, तिला अमेरिकेंतही संरक्षण मिळालें. आणि त्या काळच्या कृतींस तें प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षें चालतें. १९९६ सालीं ‘किस्मत’वरील हक्क येथें जिवंत होता. म्हणून पनवेलीस जो चित्रपट २००४ पासून मोकळा आहे, तोच न्यू जर्सीस २०३८ च्या अखेरपर्यंत बांधलेला आहे. आजोबांनीं येथें निर्वेधपणें पाहावा आणि नातवास तेथें परवानगी लागावी, असा हा प्रकार !

याच्या उलट उदाहरण आपल्या मराठीचें घ्या. प्रभातचा ‘माणूस’ १९३९ चा. त्यांतही पोलीस आहे, खून आहे, तुरुंग आहे ; गुन्ह्याच्या निमित्तानें माणुसकीचा शोध घेणारा तो बोलपट. त्याचीं त्या वेळच्या नियमाचीं पन्नास वर्षें १९८९ च्या अखेरीस भरलीं. पुढें मुदत साठ वर्षांची झाली खरी, परंतु जो हक्क आधींच विझला होता तो त्या वाढीनें पुन्हां पेटला नाहीं. म्हणून ‘माणूस’ हा चित्रपट येथें १९९० पासून मोकळा. आणि १९९६ सालीं येथें हक्क उरला नव्हता म्हणून अमेरिकेच्या त्या नियमांतही तो सांपडत नाहीं. चार वर्षांच्या अंतरानें निघालेले दोन बोलपट, पण त्यांचें प्रारब्ध किती निराळें ! तथापि येथेंही शब्द-सुरांची गोष्ट वेगळी. अनंत काणेकर १९८० सालीं गेले, मास्तर कृष्णराव १९७४ सालीं. म्हणून काणेकरांच्या गीतांवरील हक्क २०४० अखेर आणि मास्तरांच्या चालींवरील २०३४ अखेर सुटेल.

एवढें सारें मांडल्यावर मंडळींनीं विचारलें, “मास्तर, मग आम्हीं करावें तरी काय ?” मीं जो निर्णय सांगितला तो असा. चित्रपटावरील हक्क सरला आहे, तेव्हां चित्र दाखविण्यास प्रत्यवाय नाहीं. राहतां राहिले शब्द व सूर. हौशी मंडळानें पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढें वाङ्मयीन, नाट्य किंवा सांगीतिक कृति सादर केल्यास तो हक्कभंग होत नाहीं, असा कायद्यांत अपवाद आहे. त्याचा आश्रय आपणांस घेतां येईल असें माझें मत. म्हणून तिकीट लावूं नये, देणगीची पेटीही दाराशीं ठेवूं नये. पैसे घेऊन खेळ करावयाचा असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा व गीत-संगीताचा परवाना काढावा. या अपवादांत चित्रपटाचें नांव नाहीं, हें मात्र विसरूं नये. त्यामुळें ‘ज्वेल थीफ’सारखा मुदतींतील चित्रपट ‘फुकट दाखवितों’ एवढ्याच सबबीवर दाखवितां येणार नाहीं. शाळांसाठीं जो निराळा अपवाद आहे त्यांत चित्रपटाचा उल्लेख आहे, पण तेथें प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशीं संबंध असलेली मंडळी एवढींच हवींत. शिवाय प्रत कोणती घ्यावयाची हेंही पाहावें. जुन्या चित्रपटास कोणी नवीं उपशीर्षकें जोडलीं असतील तर तें भाषांतर नवें, आणि त्याचा हक्कही नवा.

हा निर्णय दोन्ही पक्षांस थोडा रुचला व थोडा बोंचला. आणि माझ्या मतें मध्यस्थाच्या निर्णयाचें हेंच लक्षण होय.

परंतु या शोधांत माझ्या मनास जी गोष्ट अधिक लागली ती निराळीच आहे. हक्काची मुदत कायदा मोजतो. रिळाची मुदत मात्र दमट हवा, हयगय आणि अग्नि हीं मोजतात. आपल्या देशांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील आज अगदीं मोजके उरले आहेत. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानें गांवोगांव हिंडून रिळें गोळा केलीं, म्हणून फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चा कांहीं भाग तरी आपणांस दिसतो. त्याच पुण्यांत जानेवारी २००३ मध्यें लागलेल्या आगींत कित्येक जुनीं नायट्रेटचीं रिळें भस्मसात झालीं. ज्या वर्षाच्या आरंभीं तीं जळालीं त्याच वर्षाच्या अखेरीस ‘किस्मत’ मोकळा झाला. हक्क मोकळा व्हावा आणि घेण्यास वस्तुच शिल्लक नसावी, याहून करुण वारसा कोणता ? म्हणून मला वाटतें, कीं मुदत सरलेली कृति निष्कारण भीतीनें झांकून ठेवणें हाही एक अपराधच. चोरी करणाऱ्याचा दोष आपणांस चटकन दिसतो. वारसा येऊनही तो न उचलणाऱ्याचा दोष दिसत नाहीं.

आपल्या संस्कृत परंपरेंत कालिदासाच्या काव्यावर कोणाची मुदत नव्हती. ज्याच्या जिव्हेवर तें चढलें त्याचें तें झालें. तथापि परक्याचें काव्य आपलें म्हणून मिरविणाऱ्यास त्या परंपरेनेंही मोकळें सोडलें नाहीं. राजशेखरानें काव्यमीमांसेंत शब्दांची उचल आणि अर्थाची उचल यांचे प्रकार पाडून त्यांवर अध्यायच्या अध्याय लिहिले आहेत. सारांश, भोग सर्वांस मोकळा असला तरी नांव कर्त्याचेंच राहिलें पाहिजे. आजच्या कायद्यांतही हा विवेक आहे. हक्क विकला तरी कृति आपली म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार विकला जात नाहीं, आणि २०१२ पासून त्याच्या वारसांसही तो गाजवितां येतो.

म्हणून निर्णयास मीं एक कलम आपल्या पदरचें जोडलें, आणि तेंच मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. चित्रपट सुरू होण्यापूर्वीं कोणीतरी उभें राहून नांवें वाचून दाखवावीं : दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी, गीतें कवि प्रदीप यांचीं, संगीत अनिल विश्वासांचें, गायिका अमीरबाई कर्नाटकी. या अमीरबाई म्हणजे बालगंधर्वांच्या सहवासांत राहिलेल्या गोहरबाईंची बहीण, हें किती घरांत आज ठाऊक असेल ? तिकिटाचे पैसे मागावयास आतां कोणी येणार नाहीं. परंतु ऋण पैशानेंच फिटतें असें थोडेंच आहे ? पितृऋण आपण ज्या रीतीनें फेडतों, त्याच रीतीनें, म्हणजे आदरपूर्वक नामोच्चारानें, हेंही फेडावें. जुन्या कृतीचा धनी कोण, या प्रश्नास कायद्याचें उत्तर सालागणिक आणि देशागणिक बदलत जाईल. कर्ता कोण, या प्रश्नाचें उत्तर मात्र कधींच बदलत नाहीं.